कुरणावरचे अतिक्रमण

राक्षस आपल्या अंगणात उगवतात याचे मिलिमीटरला तेवढे वाईट वाटत नव्हते. ते साडूच्या अंगणात उगवत नाहीत, याचे वाटत होते.

मिलिमीटर हे काही त्याचे खरे नाव नव्हे. तो काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होता. बांधकामांवरून ओतून आणलेले ठोकळे यंत्राच्या जबड्यात ठेवायचे आणि फुटेपर्यंत दाबायचे, असे ते काम. एखाद्या ठोकळ्याची कड जराशी तिरकी दिसली की तो दाबायच्या आधीच परत पाठवी आणि ठेकेदाराने कितीही विनवण्या केल्या तरी पट्टी पुढे धरून नुसता उभा राही. हे नाव ठेकेदारांनी ठेवले, सहकाऱ्यांनी उचलले आणि घरात एक तसबीर टांगायला त्याला अख्खा रविवार लागला तेव्हापासून बायकोनेही.

असा दिवसभर ठोकळे फोडणारा माणूस सुटीच्या दिवशी खेळत होता तो खेळही ठोकळ्यांचाच. बायको त्याला हौस म्हणत नसे, ओव्हरटाइम म्हणे. पडद्यावर एक अख्खी पृथ्वी, चौकोनी ठोकळ्यांची. डोंगर चौकोनी, झाडे चौकोनी, चंद्रसुद्धा चौकोनी. ठोकळे खणावेत, रचावेत, घर बांधावे, मेंढ्या पाळाव्यात. शेजारी पाणी सांडत नाही, घरमालक येत नाही. फक्त खेळातला सूर्य मावळला (आणि तो हातातला चहा गार व्हायच्या आत मावळतो) की जमिनीतून मातीचे धिप्पाड राक्षस उगवतात आणि उजाडेपर्यंत समोर येईल त्याची नासधूस करतात. एवढे सोडले तर राहायला उत्तम जागा.

ही पृथ्वी सासऱ्यांच्या संगणकावर चालत होती. सासरे नगरपालिकेच्या अतिक्रमणविरोधी विभागात साहेब होते. निवृत्त झाल्यावरही त्यांची नजर काही निवृत्त होईना. रस्त्याने जाताना दुकानांच्या पुढे आलेल्या फळ्या ते पावलांनी मोजू लागले आणि एका शिंप्याला त्यांनी नुसत्या आवाजाच्या जोरावर मशीन आत ओढायला लावले. हे असेच चालू राहिले तर बाबा कुठेतरी मार खाऊन येतील, असे वाटून थोरल्या मुलीने त्यांना हा खेळ लावून दिला. दोन्ही मुली आणि दोन्ही जावई आपापल्या घरून त्यात येऊ लागले. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की फोन स्पीकरवर टाकून सगळे कुटुंब त्या पृथ्वीवर नांदू लागे. खेळातल्या राक्षसांना काहीतरी इंग्रजी नाव होते, पण सासरे त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणत. ‘‘आलं बघा अतिक्रमण,’’ असे ते सूर्यास्ताला म्हणत तेव्हा त्यांच्या आवाजात नोकरीतला जुना आनंद असे.

आता साडू. त्याचे दुकान चष्म्यांचे होते आणि त्याला घरात सगळे थोरले म्हणत. थोरले वाईट असते तर गोष्ट किती सोपी झाली असती. पण त्यांच्यात नाव ठेवायला जागा नव्हती आणि मिलिमीटरने ती फार वर्षे शोधली होती. थोरल्यांच्या गाडीला सावलीतली जागा मिळे. थोरल्यांनी रांग धरली की शेजारची खिडकी उघडे. लग्नानंतर पहिल्यांदा दोघे जावई सासरी एकत्र आले तेव्हा घरातला बंद पडलेला पंखा मिलिमीटरने सकाळभर सोडवून, पुसून, पुन्हा जोडून ठेवला. तो फिरला नाही. थोरले आले, त्यांनी सहज बटण दाबले, तो फिरला. ‘‘थोरल्या जावईबापूंच्या हाताला यश आहे,’’ सासरे म्हणाले होते. त्या पंख्याचा वारा मिलिमीटरला अजून लागत नसे.

पृथ्वी नवी होती तेव्हा जागावाटपाच्या दिवशी मिलिमीटर वेळेवर आला आणि पहिली निवड त्याची झाली. त्याने ओढ्याकाठचे हिरवेगार, तळहातासारखे सपाट कुरण घेतले. दुपारची झोप काढून थोरले उशिरा आले, तोवर ओढ्यापलीकडची एक खडकाळ, उभ्या चढाची टेकडी तेवढी उरली होती. तिच्यावर शेळीसुद्धा उभी राहिली नसती. थोरले ‘‘चालेल की’’ म्हणाले. मिलिमीटरला त्यांची कीव आली. त्या खेळातली त्याची ती शेवटची सुखाची दुपार.

कारण त्याच संध्याकाळी कुरणावर राक्षसांची जत्रा भरली आणि टेकडीवर चिटपाखरूही फिरकले नाही. पुढे थोरल्यांनी त्या चढावर वळणावळणाचा जिना काढला, कड्याच्या टोकाला काचेची गच्ची काढली. मिलिमीटरच्या घराचे दार मात्र दर आठवड्याला नवे बसवावे लागे. त्याची बायको दंतवैद्यांसाठी कृत्रिम दातांचे साचे बनवत असे, त्यामुळे नीट न बसणारी कुठलीही गोष्ट तिच्या डोळ्यांत लगेच खुपे. ‘‘भाऊजींचा जिना बघितलास? कसा बसलाय,’’ ती म्हणे. आणि मग, काही वाईट हेतू नसताना, ‘‘आपलं दार पुन्हा गेलं वाटतं.’’

हे सारे त्याने गिळलेही असते. पण एका रविवारी सासऱ्यांनी जाहीर केले की समुद्रकाठच्या तात्पुरत्या झोपडीत राहायचा त्यांना कंटाळा आला आहे. आता ते दोहोंपैकी एका जावयाच्या शेजारी कायमचे घर बांधणार. त्याआधी दोन्ही जागांची रीतसर स्थळपाहणी होईल.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढे, असे वाटेल. पण पंखा आठवावा. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी मिलिमीटरकडे कधी पाण्याचा ग्लाससुद्धा ‘‘जरा थोरल्यांना विचारून बघा, ते घेणार आहेत का’’ असे म्हटल्याशिवाय मागितला नव्हता. आता ते आपण होऊन कोणा एकाला निवडणार होते. खेळातले घर असले म्हणून काय झाले, निवडणारे सासरे तर खरे होते.

मिलिमीटरने ठरवले की हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायचा. राक्षस आपल्याकडेच का येतात हे आधी समजून घ्यायचे.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त भूगोलाच्या बाई राहत. जिन्यात त्याने सहज विषय काढला, तर त्यांनी माती काळी की तांबडी असे विचारले. हिरवी आहे, चौकोनी आहे, हे ऐकून त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की पुढचे काही दिवस तो लिफ्टनेच गेला. ऑफिसातल्या सहकाऱ्याने घर विकून टाकायचा सल्ला दिला. त्याला ते घर कशातले आहे हे शेवटपर्यंत समजले नव्हते.

मग त्याने स्वतःच प्रयोग सुरू केले. कामावर निघण्यापूर्वी तो रोज थोडा वेळ खेळात शिरे आणि खेळातली संध्याकाळ एकेका ठिकाणी उभा राहून काढी. कधी वाळूत, कधी ओढ्यात, कधी झाडांखाली. एकदा बायकोलाही त्याने दलदलीत उभे केले. निष्कर्ष स्वच्छ निघाले. राक्षसाला उगवायला पायाखाली सपाट जमीन लागते, डोक्यावर मोकळी जागा लागते आणि अंधार लागतो. म्हणजे शेवटची अट सोडली तर भाड्याचे घर बघणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला लागते तेच. उभ्या चढावर त्याला पाय टेकता येत नाही, पाण्यात तो उगवत नाही, फरशीवर नाही, काचेवर नाही. आळसामुळे थोरल्यांच्या वाट्याला आलेली टेकडी म्हणजे राक्षसांच्या दृष्टीने नुसता कडा होता. आणि मिलिमीटरने वेळेवर येऊन, पारखून, मिळवले होते ते त्यांचे राखीव मैदान.

इथवर त्याने सहन केले. पण पुढचा निष्कर्ष भयंकर होता. प्रयोगासाठी, सासऱ्यांकडून तात्पुरती परवानगी काढून, त्याने कुरणाचा अर्धा भाग पाण्याखाली घातला. राक्षस निम्मे व्हायला हवे होते. ते मुळीच कमी झाले नाहीत. उरलेल्या अर्ध्या भागात दाटीवाटीने उगवले. पुन्हा करून पाहिले, पुन्हा तेच. तेव्हा त्याला उमगले की खेळाने त्या साऱ्या टापूला मिळून राक्षसांचा एक ठरलेला कोटा दिलेला आहे. एका जागी उगवायला वाव नसला तर तो कोटा रद्द होत नाही, शेजारी जातो.

तो खुर्चीत मागे टेकला. याचा सरळ अर्थ असा होता की इतके दिवस तो थोरल्यांच्या वाट्याचेही राक्षस सोसत होता.

एरवी माणसाचा मत्सर हा अंदाजपंचे असतो. शेजाऱ्याचे बरे चालले आहे, आपले बरे नाही, आणि या दोन गोष्टींचा काही संबंध असावा, असे त्याला उगाच वाटत राहते. मिलिमीटरचा मत्सर प्रयोगाने सिद्ध झालेला होता. असे भाग्य फार थोड्यांना लाभते. त्या दिवशी प्रयोगशाळेत त्याने एक ठोकळा यंत्रात घातला आणि तो फुटल्यानंतरही बराच वेळ दाबत राहिला.

संध्याकाळी त्याने कौटुंबिक ग्रुपवर अर्ज टाकला. अर्ज टाकणे भाग होते, कारण सासऱ्यांच्या पृथ्वीवर परवानगीशिवाय ढेकूळही हलवता येत नसे. संपूर्ण कुरणाला फरशी घालण्याची परवानगी मिळावी, असे त्याने नम्रपणे लिहिले. सासऱ्यांचे उत्तर आले की कुरण हरित पट्ट्यात येते; तरीही अर्ज दाखल करून घेतला असून हरकती मागवण्यात येत आहेत. एकच हरकत आली. ती मिलिमीटरच्या शेजारी सोफ्यावर बसलेल्या त्याच्या बायकोची होती.

‘‘माझ्या मेंढ्या काय फरशी चाटणार?’’ ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

फरशी फेटाळली गेली. मग त्याने कुरणभर दिवे लावायचा अर्ज केला, तर दिवाबत्ती खाते सासऱ्यांनी मेहुणीकडे, म्हणजे थोरल्यांच्या बायकोकडे, दिलेले निघाले. मेहुणी म्हणाली, लाव की, माझी ना नाही, पण दिव्यांना कोळसा लागेल आणि कोळसा फक्त आमच्या टेकडीत आहे. तेवढ्यात फोनवर मागून थोरल्यांचा आवाज आला, ‘‘अरे, घेऊन जा ना हवा तेवढा. इथं नुसता पडून आहे.’’

तो ‘पडून आहे’ मिलिमीटरच्या काळजात पट्टीच्या कडेसारखा रुतला. त्यांचेच राक्षस आपण सोसायचे, आणि ते हाकलायला कोळसाही त्यांच्याकडूनच मागून आणायचा. अंधार काही असह्य नाही, असे त्याने कळवले.

अशा वेळी माणसाला योग्य सल्ला मिळता तर तो सुधारलाही असता. मिलिमीटरला खालच्या मजल्यावरचे फवारणीवाले मिळाले. घरोघरी ढेकूण-झुरळांचे औषध मारायचा त्यांचा धंदा होता. छतातून गुरगुरण्याचे आवाज येतात, अशी तक्रार घेऊन ते वर आले आणि पडद्यावरची राक्षसांची गर्दी पाहून तक्रार विसरले. त्यांचा धंदाच जागा झाला. त्यांनी खुर्ची ओढली, राक्षस कुठून निघतात, कुठे जातात ते बारकाईने पाहिले, आणि मान हलवून म्हणाले, ‘‘तुम्ही यांना मारताय, तीच चूक आहे. मारून संपत नाही ही जात. यांना आवडेल अशी जागा दुसरीकडे करून द्यायची. अंधार, आडोसा. आपोआप तिकडं जातात. मी माझ्या घरात झुरळांना कधी हातसुद्धा लावला नाही.’’

फवारणीवाल्यांच्या घरात एकही झुरळ का नाही आणि त्यांच्या नेमके वर राहणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरात इतकी का, हे खरे तर त्याच क्षणी मिलिमीटरच्या ध्यानात यायला हवे होते. पण त्याच्या डोक्यात तोवर दुसरेच काही उजळले होते. दुसरीकडे. अंधार, आडोसा. ओढ्यापलीकडची ती टेकडी वरून कितीही उभी असली तरी आतून भरीव होती, आणि भरीव वस्तू पोखरता येते.

दुसऱ्या दिवसापासून तो खणू लागला. थोरले सकाळी दुकान उघडायच्या गडबडीत असत, त्यामुळे ती वेळ बिनधोक होती. आपल्या घराच्या तळघरातून त्याने ओढ्याखालून बोगदा नेला आणि टेकडीच्या पोटात एक दालन कोरायला घेतले. माणूस वाईट काम करताना निदान घाईत करतो. मिलिमीटरला तेही जमले नाही. तळ त्याने पाणसळीत आणला. भिंती ओळंब्यात उतरवल्या. कोपरे असे काटकोनात काढले की त्यांच्याकडे पाहत तो चहा प्यायचा विसरे. एका मागच्या कोपऱ्यापलीकडे ओढ्याचे पाणी होते, तेवढा एक ठोकळा त्याला पुढे आलेला ठेवावा लागला आणि त्याची रुखरुख त्याला प्रयोगशाळेतही लागून राहिली. शेवटी दालन पुरे झाले. सपाट, अंधारे, डोक्यावर भरपूर जागा, आणि बाहेर पडायला वाट कुठेच नाही. बोगदा बुजवून तो परतला.

खेळातल्या त्याच संध्याकाळी कुरणावर सूर्य मावळला, तारे आले, मेंढ्या चरत राहिल्या. एकही राक्षस उगवला नाही. साऱ्या टापूचा कोटा थोरल्यांच्या पायाखाली भरून, तिथेच अडकून, गुरगुरत उभा होता.

बायको पडद्यावरच्या घराच्या खिडकीतून ते मोकळे कुरण पाहत होती. ‘‘काय केलंस रे?’’ तिने विचारले.

जमिनीचा अभ्यास, असे तो म्हणाला. ते खोटे नव्हते.

स्थळपाहणीच्या रविवारी सासऱ्यांनी आधी टेकडी पाहिली. गच्ची त्यांना आवडली, पण जिना चढून दम लागतो म्हणाले. खेळात दम लागत नाही हे सांगायचे कुणाच्या मनात आले नाही. शिवाय फरशीखालून कसलीतरी घरघर ऐकू येते, असा शेरा त्यांनी मारला. थोरले म्हणाले, हो, आलीय खरी अलीकडे, बघतो काय आहे ते. मग सासरे ओढा ओलांडून कुरणावर आले. सूर्य मावळेपर्यंत थांबले. अंधार पडला, पूर्ण पडला. सासरे आपल्या घराच्या नियोजित जागेवर उभे होते आणि त्यांच्या पायाशी एक मेंढी गवत खात होती.

‘‘अतिक्रमण नाही,’’ ते हळूच म्हणाले. आयुष्यभर त्यांना हे वाक्य म्हणायला मिळाले नव्हते. मग घसा साफ करून: ‘‘धाकटे जावईबापू, जागा पसंत आहे. पुढच्या रविवारी मी सामान घेऊन येतो.’’

तो आठवडा मिलिमीटरच्या आयुष्यात वेगळाच गेला. तो शिट्टी वाजवत कामावर गेला. एक जरासा तिरका ठोकळा त्याने चक्क चालवून घेतला, आणि ठेकेदार घाबरून स्वतःच तो परत घेऊन गेला. ग्रुपवर थोरल्यांनी त्याचे मनापासून अभिनंदन केले, शेजारी एक फुलाचे चित्रही टाकले. त्या फुलाकडे मिलिमीटर पुन्हा पुन्हा पाहत होता. फूल थोडे कोमेजलेले आहे की काय, याचा त्याला नीट अंदाज येईना.

रविवारी सासरे सामान घेऊन आले. पेट्या, अंथरूण, मधमाश्यांची पोळी, वर्षभर जमवलेले लोखंड, सगळे त्यांनी कुरणावर उघड्यावरच मांडले, कारण जागा निर्धोक असल्याचे त्यांनी स्वतः तपासले होते. मेहुणी आणि थोरलेही पाहुणे म्हणून आले. सगळे जमले, सूर्य मावळला, आणि सासऱ्यांच्या अंथरुणातून पहिला राक्षस उगवला.

दुसरा पेट्यांमधून आला. मग तर मोजणे अशक्य झाले. सासरे ‘‘पथक बोलवा, पथक बोलवा’’ म्हणत मधमाश्यांच्या दिशेने पळाले. पोळी फुटली, माश्याही उठल्या, मेंढ्या ओढ्यात शिरल्या. लोखंड गेले, पेट्या गेल्या, आणि एका राक्षसाने सासऱ्यांना असा फटका दिला की ते मेले आणि, त्या खेळातल्या रीतीप्रमाणे, सरळ समुद्रकाठच्या झोपडीत, आपल्या जुन्या अंथरुणावर जागे झाले.

मिलिमीटरने पडदा पुसून पुन्हा पाहिला. हे होणे शक्यच नव्हते. कोटा दालनात भरलेला होता.

‘‘माझ्याकडं घेऊन येऊ का बाबांना?’’ थोरले काळजीने म्हणाले. ‘‘आता आवाज येत नाही आमच्याकडं. ती घरघर होती ना, म्हणून मी काल रात्री फरशी उकरून बघितली. खाली हे एवढं मोठं दालन निघालं, राक्षसांनी खच्चून भरलेलं. वरून तेल ओतून, काडी लावून साफ केलं सगळं. आणि मग इतकी छान खोली तशीच कशी ठेवायची, म्हणून खाली फरशी घातली आणि कोळसा पडूनच होता, तर भरपूर दिवे लावले. एकदम प्रसन्न झालीय.’’

मिलिमीटरने डोळे मिटले. दालन उजळले होते, दालनाला फरशी बसली होती, आणि बेघर झालेला सबंध कोटा ओढा ओलांडून त्याच्याकडे परत आला होता. तोही सासऱ्यांच्या अंथरुणात.

सासऱ्यांना थोरल्यांनी त्याच दुपारी होडीतून आणले. जिना चढायला नको, ओढ्याच्या बाजूने सरळ दार काढून देतो म्हणाले. सगळे कुटुंब त्यांच्या मागोमाग त्या दालनात उतरले. मिलिमीटरला जावेच लागले. प्रकाशात ते त्याने आज पहिल्यांदा पाहिले. दुःखाची गोष्ट अशी की ते फार सुंदर दिसत होते.

सासरे भिंतीला लागून सावकाश फिरले. अपमान अंगावर होता, तरी जुनी सवय जागी झाली. ते कोपऱ्यापाशी थांबत, वर पाहत, खाली पाहत, पुढे जात.

‘‘गुहा आहे ना ही आपोआप झालेली?’’ मेहुणीने विचारले.

‘‘आपोआप काटकोन होत नाहीत,’’ सासरे म्हणाले. ‘‘मी आयुष्यभर बांधकामं पाडली, मला बांधलेलं कळतं. हे कुणीतरी खणलंय. आणि ज्यानं खणलंय त्याचा हात... थोरले, असं काम मी नोकरीत बघितलं नाही.’’

ज्या वाक्यासाठी मिलिमीटरने पंखा सोडवला होता, तसबीर टांगली होती, कुरण निवडले होते, ते वाक्य सासरे अखेर म्हणाले होते, आणि त्यात हाक मारली होती थोरल्यांना. गप्प बसण्यात शहाणपण आहे एवढे त्याला कळत होते.

सासरे मागच्या कोपऱ्यात पोहोचले आणि थबकले. ‘‘इथं मात्र घाण केलीय. हा ठोकळा पुढे आलाय बघा. शेवटी कंटाळलेला दिसतोय, घाईत उरकलंय.’’ त्यांनी कुदळ काढली. ‘‘काढून टाकतो, म्हणजे कोपरा सरळ होईल.’’

त्या ठोकळ्यामागे ओढा होता. मिलिमीटरने एक श्वासभर काहीही केले नसते, तर सगळा ओढा दालनात आला असता. दिवे विझले असते, फरशी गेली असती, थोरल्यांच्या हाताचे यश वाहून गेले असते, आणि सासरे ओल्या कपड्यांनी झोपडीत परतले असते. काही न करता त्याला सगळे मिळणार होते. हे त्याला त्या श्वासात स्वच्छ दिसले, आणि तरीही ‘घाईत उरकलंय’ हे शब्द त्याला सोसले नाहीत.

‘‘घाईत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्यामागं पाणी आहे. मुद्दाम ठेवलाय तो. बाकी तिन्ही कोपरे मोजून बघा, एक रेषसुद्धा इकडची तिकडं नाही.’’

कुदळ थांबली. स्पीकरवर कुणाचा तरी पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. बहुधा तोच पंखा.

‘‘परवानगी?’’ सासऱ्यांनी विचारले.

‘‘नव्हती घेतली.’’

आता कुणीतरी विचारणार, की मग का खणलेस. पण आधी थोरले बोलले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता.

‘‘म्हणजे तू हे आमच्यासाठी खणलंस? बाबांना जिना चढवत नाही म्हणून? आणि जागा तुझ्याकडं ठरली तरी एका शब्दानं बोलला नाहीस?’’

मिलिमीटरने तोंड उघडले. वाईट ठरायचाही त्याचा हक्क या माणसाने काढून घेतला होता.

‘‘हो,’’ तो म्हणाला.

सासऱ्यांनी दालन दंड न आकारता नियमित केले, खोदकामाची पुन्हा एकदा वाखाणणी केली, या वेळी योग्य जावयाचे नाव घेऊन, आणि आपले अंथरूण त्या कोपऱ्यापासून दूर, थोरल्यांच्या बाजूच्या भिंतीशी टाकले. मेहुणीने चहाला उठायचे म्हणून फोन ठेवला.

पडद्यावर कुरणावरचा दुसरा सूर्यास्त होत होता. बायकोने त्याच्याशेजारी बसून मेंढ्या ओढ्याबाहेर काढल्या. टापूचा कोटा, दालन, सगळे काही तिला केव्हाच कळले असावे, कारण ती काही विचारत नव्हती. मग शेवटची मेंढी काठावर आल्यावर तिने विचारले.

‘‘एवढंच कळत नाही. दालन खणायचंच होतं, तर आपल्याच कुरणाखाली का नाही खणलंस? तेही तसंच भरलं असतं ना?’’

मिलिमीटर शास्त्रीय उत्तर शोधू लागला. जमिनीचा प्रकार, पाण्याची पातळी, दगडाची घनता, सगळे त्याने झरझर मनात तपासून पाहिले. सारे अनुकूल होते. आपल्या जागेचा विचार इतक्या दिवसांत त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

पडद्यावर दाराचे पहिले फळकूट मोडल्याचा आवाज झाला.